खुर्ची नंबर तीनला मासा

‘फिश कुणाचं?’ हा प्रश्न आमच्याकडे विचारायचा नसतो. टेबलावर आठ माणसं असली तरी नाही. प्रत्येक टेबलाची एक नंबरची खुर्ची ठरलेली असते. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजायचं आणि केओटीवर, म्हणजे किचनमध्ये जाणाऱ्या चिठ्ठीवर, पदार्थासमोर खुर्चीचा नंबर टाकायचा. प्लेट घेऊन येणारा पोरगा ऑर्डरच्या वेळी तिथं नसला तरी मासा तीन नंबरच्याच पुढ्यात जातो. पाहुण्यांना वाटतं, काय यांची स्मरणशक्ती! स्मरणशक्ती कसली, लिहिलेलं असतं.

मी इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीचा. पुण्यात एका फाइन डाइन रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन आहे. सगळ्यात खाली कॉमी, त्याच्यावर स्टुअर्ड, मग कॅप्टन, मग मॅनेजर, अशी ही उतरंड. गावाकडं मात्र सगळ्यांना एकच शब्द, वेटर. माझी त्याला हरकत नाही.

वाढायला मी गावातच शिकलो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी करत नीरा ओलांडून अकलूजला जाते. आमच्याकडं मुक्काम असला की गावातली पोरं हातात बादली नाहीतर पराती घेऊन पंगतीत उतरायची. वारकरी पानावर आडवा हात धरतो, तो कधी खरंच ‘नको’ असतो आणि कधी ‘थोडं वाढ’ असतो. ते हातावरून नाही, तोंडावरून कळतं. फाइन डाइनमध्येही निम्मं काम हेच आहे. मेन्यू मिटून ठेवला म्हणजे ऑर्डर ठरली. मान वर करून इकडंतिकडं बघितलं म्हणजे कुणीतरी हवंय, आणि हात वर करायची वेळ आली म्हणजे आम्हाला उशीर झाला. सुरी-काटा प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवला तर जेवण झालं. तरीही एकाचं झालं म्हणून त्याची प्लेट उचलत नाहीत, टेबलावरच्या सगळ्यांचं होईपर्यंत थांबतात. एकटा पंगतीतून उठत नाही, तसंच.

आमच्याच तालुक्यात भिगवणला हायवेवर वेगळं शास्त्र चालतं. उजनीच्या पाण्यातला मासा, चिलापी, मरळ, वाम. तिथला वेटर सगळा मेन्यू एका दमात म्हणतो, दहा टेबलं एकटा सांभाळतो आणि सोलापूरची गाडी गाठायची असलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत जेवू घालून मोकळा करतो. त्याला कमी लेखणारे फाइन डाइनवाले मला आवडत नाहीत. आमच्याकडच्या पोराला ती दहा टेबलं दिली तर तो रडेल. फरक एवढाच की तिथं वेळ वाचवायचा असतो आणि आमच्याकडं तो वाटून द्यायचा असतो. स्टार्टरच्या प्लेट्स उचलल्या की मेन कोर्स लगेच येत नाही. किचन माझ्या शब्दाची वाट बघत असतं. टेबलावर गप्पा रंगल्यात का, कुणी फोनवर बाहेर गेलंय का, लहान मूल पेंगायला लागलंय का, हे बघून मी ‘टेबल चार, पिकअप’ म्हणतो. तिथून पुढं शेफला किती मिनिटं लागतील हे मला पाठ असावं लागतं. मी घाई केली तर मासा पासवर, म्हणजे तयार प्लेट ठेवायच्या किचनच्या कट्ट्यावर, थंड होतो, आणि पाहुणा नावं ठेवतो शेफला.

वाइनचं नाटक लोकांना सगळ्यात बुजवतं, म्हणून सांगतो. बाटली आधी दाखवतात ती ऑर्डर केली तीच आहे ना, हे बघण्यासाठी. मग बाटलीच्या ओठाखालून फॉइल कापायची, स्क्रू मध्यावर धरून फिरवायचा आणि बूच आवाज न करता काढायचं. ‘टॉक’ झालं की आमचे मॅनेजर लांबूनही वळून बघतात. ज्यानं मागवली त्याच्या ग्लासात घोटभर ओततात. ‘आवडली का’ असं ते विचारणं नसतं, खराब बुचामुळं वाइन बिघडली नाही ना, एवढंच तपासायचं असतं. वास घेऊन मान हलवली तरी पुरे. नंतर बायकांना, मग पुरुषांना आणि यजमानाला शेवटी. साडेसातशे मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास बसतात, त्यामुळं सहा जण असले की हात आखडता घ्यावा लागतो.

आमच्या यादीत फ्रातेल्लीची ‘सेते’ आहे. ही कंपनी 2007 साली सुरू झाली, इटालियन आणि भारतीय भागीदारांची, त्यात अकलूजचे मोहिते-पाटीलही. म्हणजे नीरेपलीकडची द्राक्षं! मुंबईचे पाहुणे विचारतात, ‘ही इटलीची का?’ मी सांगतो, ‘नाही सर, आमच्या गावाशेजारची.’ त्या टेबलावर दुसरी बाटली बऱ्याचदा जाते. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ आणि फेरेरो या दोन्ही इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथं येणारे इटालियन कधीमधी आमच्याकडं येतात, आणि जेवणानंतर त्यांना कॅपुचिनो विचारायची नाही, एस्प्रेसो विचारायची, हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवतो.

आता पैशांचं. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये काढल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम ठेवल्या. ग्राहकाच्या बाजूनं ते बरोबरच आहे. न विचारता कापलेले पैसे म्हणजे बक्षीस नव्हे. पण पगार वाढवायचं काम मालकाचं आहे, ही गोष्ट त्या वादात मागंच पडली. टिप आमच्याकडं एका डब्यात जाते आणि पॉइंटवर, म्हणजे हुद्द्याप्रमाणे, वाटली जाते. भांडी घासणाऱ्या मावशींनाही त्यात वाटा असतो. नसतो तिथं मी काम करणार नाही.

ब्रेक शिफ्ट असते. अकरा ते साडेतीन, पुन्हा सात ते शेवटचं टेबल उठेपर्यंत. मधल्या वेळात रूमवर जाऊन पाय भिंतीला टेकवून पडायचं.

गावाकडून पोरं विचारायला येतात, सोबत बऱ्याचदा आई असते. मी सांगतो, पहिले काही महिने टेबलावर जायचं नाही, गरम पाण्याच्या वाफेवर धरून ग्लास पुसायचे. पोरगा पगार विचारतो, टिपांचं विचारतो. आईची काळजी वेगळीच असते, पोरीकडच्यांना काय सांगायचं? मी म्हणतो, सांगा की पीएफ कापतात, दोन वेळचं जेवण कंपनीचं आहे, आणि फोन करायचा असेल तर रात्री बारानंतर करा.