मूळ औषधाचं नाव कुणाच्या मालकीचं?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या कुरकुंभ एमआयडीसीत सिप्ला, एमक्युअर यांचे कारखाने आहेत, तसेच रसायनं आणि औषधांचे मूळ घटक बनवणारे इतरही उद्योग आहेत. मूळ घटकाला सहसा ब्रँड नसतो. तो पिंपांतून दुसऱ्या कारखान्याकडे जातो. बिलावर, तपासणीच्या दाखल्यावर, निर्यातीच्या कागदांवर त्याचं शास्त्रीय नावच लिहिलेलं असतं. हेच नाव उद्या कुणी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, तर बाकीच्यांनी माल विकायचा तरी काय म्हणून? म्हणूनच १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३ने जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या आणि निबंधकांनी अधिसूचित केलेल्या औषधनामांची, तसंच त्यांच्याशी फसवं साम्य असलेल्या शब्दांची नोंदणी बंद केली आहे. जेनेरिक नावं खुली ठेवणं म्हणजे ग्राहकावर केलेली मेहेरबानी, असं अनेकदा मानलं जातं. माझ्या मते ही आधी उद्योगाचीच गरज आहे.

वाद होतो तो नावाच्या तुकड्यावरून. कंपन्यांना घटकाचं नाव पुरतं घेता येत नाही, म्हणून त्या त्याचं टोक तोडून त्याला शेपूट जोडतात. डॉक्टरांच्याही ते पटकन लक्षात राहतं. ‘मेरोपेनेम’ या प्रतिजैविकावरून अ‍ॅस्ट्राझेनेकाचं ‘मेरोनेम’ आलं आणि ऑर्किड केमिकल्सचं ‘मेरोमर’ही. अ‍ॅस्ट्राझेनेकाने मनाईहुकूम मागितला. २००७मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो नाकारला, कारण ‘मेरो’ हा तुकडा मूळ औषधाच्या नावातला, म्हणजे सर्वांचा. निकाल रोखठोक आहे आणि मला तो योग्यच वाटतो. सोपं नाव उचलण्याचा फायदा ज्याने घेतला, त्याने त्याची किंमतही मोजावी.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप रुग्णाच्या बाजूने येतो: नावं सारखी वाटू लागली तर चुकीची गोळी पोटात जाईल. भीती खोटी नाही. सेरेब्रल मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ यांच्या वादात २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औषधांच्या नावांतलं साम्य इतर मालापेक्षा कडक कसोटीवर तपासायला हवं. पण तुकडा सर्वांचा असणं म्हणजे अख्खं नाव, वेष्टन आणि रंगसंगती उचलायची मुभा नव्हे. ग्लेनमार्कच्या ‘कँडिड-बी’ मलमाची नक्कल झाल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये गाल्फा लॅबोरेटरीजला दीड कोटी रुपये केरळ पूरग्रस्तांच्या निधीत भरायला लावले. त्याच वर्षापासून एकाच घटकाच्या औषधावर जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा किमान दोन अक्षरमापं मोठं छापणं बंधनकारक झालं. गोंधळ कमी करायचा खरा उपाय हाच, शब्दाला कुंपण घालणं नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा: जाहिरातीवर कोट्यवधी खर्चून साधा शब्द ज्याने गाजवला, त्याला काहीच हक्क नाही? आहे. दीर्घ वापराने शब्द एकाच व्यापाऱ्याशी जोडला गेला, तर कायदा त्याला वेगळी ओळख मिळाल्याचं मानतो. पण ते पुराव्याने सिद्ध करावं लागतं, खर्चाचा आकडा दाखवून भागत नाही. २०१६मध्ये ‘शादी डॉट कॉम’ला ‘सेकंडशादी डॉट कॉम’विरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात मनाईहुकूम मिळाला नाही, तो ‘शादी’ हा शब्द वर्णनात्मक असल्यामुळेच. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ‘ब्लेंडर्स प्राइड’च्या मालकाला ‘लंडन प्राइड’ रोखू दिलं नाही. ‘प्राइड’सारख्या रूढ शब्दावर मक्तेदारी सांगता येत नाही.

मूळ घटकावरून स्वतःच्या गोळ्यांकडे वळणाऱ्या उद्योजकासमोर निवड कठीण आहे. घटकाची आठवण देणारं नाव लवकर खपेल, पण पुढे स्पर्धकाला अडवता येणार नाही. कोरं, घडवलेलं नाव रुजवायला वेळ आणि पैसा लागेल. शिवाय आपलं ब्रँडनाव बाजारातल्या दुसऱ्या औषधाशी गोंधळ उडेल इतकं मिळतंजुळतं नाही, असं औषध नियमांतल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यासाठी त्याला लेखी सांगावं लागतं.