संख्याशास्त्राचा विद्यार्थी आणि परदेशची शिष्यवृत्ति

पदवीपरीक्षेचा निकाल हातीं येतो, मुलीनें गणित व संख्याशास्त्र या विषयांत उत्तम गुण मिळविलेले असतात, आणि त्याच संध्याकाळीं घरांत बोलणें निघतें, कीं पुढचें शिक्षण परदेशांत झालें तर काय वाईट! असा प्रसंग आज शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत येतो. परंतु चहा निवतो न निवतो तोंच दुसरा प्रश्न पुढें उभा राहतो. खर्चाचें काय? मग कोणी घर तारण ठेवण्याची गोष्ट काढतो, कोणी गांवाकडील जमिनीची, आणि कोणी तरी धीर देतो, "अहो, शिष्यवृत्ति मिळेल कीं!" हा धीर कितपत खरा आहे, हें घर तारण ठेवण्यापूर्वीं तपासून पाहणें इष्ट होय.

संख्याशास्त्रासाठीं परदेशीं जाण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतून पदवी घेऊन 1933 सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत दाखल झाले व 1936 सालीं त्यांनीं तेथील डॉक्टरेट मिळविली. पुढें नमुनापाहणीच्या शास्त्रांत त्यांचें नांव जगभर झालें. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखालीं शिकून परतले आणि त्यांनीं पुणें विद्यापीठांत या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला. कलकत्त्याचे सी. आर. राव 1946 सालीं केंब्रिजला गेले ते तेथील मानववंशशास्त्राच्या संग्रहालयांत काम करण्यासाठीं. सुदानमधील जेबेल मोया येथें सांपडलेल्या प्राचीन अस्थींच्या मापांचें गणित त्यांनीं तेथें केलें, आणि त्याच मुक्कामांत आर. ए. फिशर यांच्या मार्गदर्शनाखालीं 1948 सालीं डॉक्टरेटहि संपादन केली. या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानांत येते. परदेशीं मिळणारें साहाय्य नेहमींच "शिष्यवृत्ति" या नांवानें येतें असें नाहीं. कधीं तें काम म्हणून येतें, आणि कधीं कर्जहि शिष्यवृत्तीचें नांव धारण करून येतें. यास्तव दान, वेतन आणि कर्ज हे तीन प्रकार प्रथम वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार खऱ्या दानाचा. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ति 1983 पासून चालू आहे. ती एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीं असून तिच्यांत शिक्षणशुल्क, प्रवासखर्च व निर्वाहवेतन मिळतें. मात्र अर्जदारास सुमारें दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा, कामाचा अनुभव असावा लागतो, आणि शिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षें स्वदेशीं परतून राहावें लागतें. म्हणजे नुकताच पदवीधर झालेला मुलगा तिला पात्रच ठरत नाहीं. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीची योजना 1959 सालीं ठरली व तीहि अद्याप चालू आहे. ऑक्सफर्डसाठीं ऱ्होड्स शिष्यवृत्ति आहे व ती भारतीयांना 1947 पासून खुली आहे. केंब्रिजसाठीं 2000 सालीं स्थापन झालेली गेट्स शिष्यवृत्ति आहे. या दोहोंची निवड फार कडक असते आणि केवळ गुणांवर होत नाहीं.

युरोपांतील इरॅस्मस मुंडस योजनेकडे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. तिच्यांत दोन-तीन देशांतील विद्यापीठें मिळून एकच अभ्यासक्रम चालवितात व विद्यार्थी एक सत्र एका देशांत तर दुसरें दुसऱ्या देशांत काढतो. 2021 पासूनच्या नियमांप्रमाणें ही शिष्यवृत्ति मिळालेल्यास दरमहा 1,400 युरो, जास्तींत जास्त 24 महिने, म्हणजे एकंदर 33,600 युरोपर्यंत रक्कम मिळते आणि शिक्षणशुल्क द्यावें लागत नाहीं. ब्रुसेल्स, बार्सिलोना, पादुआ वगैरे ठिकाणच्या विद्यापीठांनीं चालविलेला "बिग डेटा मॅनेजमेंट अँड अॅनालिटिक्स" हा अभ्यासक्रम याच योजनेंतील होय.

जर्मनीची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाहीं. अपवाद मात्र आहेत: बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यांत 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्रास 1,500 युरो द्यावे लागतात, व म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेंहि 2024 पासून परकीयांस शुल्क लागू केलें आहे. शुल्क नसलें तरी खर्च चुकत नाहीं. वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीं एका बंद खात्यांत भरून दाखविल्यावांचून प्रवेशपरवाना मिळत नाहीं. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो, म्हणजे दरमहा 992 युरो, ठरविण्यांत आली. हा पैसा विद्यार्थ्याचाच असतो व त्याला महिन्यागणिक परत मिळतो; पण आरंभीं तो एकरकमी उभा करावा लागतो. शिवाय 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या प्रमाणपत्रांची एपीएस नांवाची तपासणी करून घ्यावी लागते. 1925 सालीं स्थापन झालेली डाड ही संस्था शिष्यवृत्त्या देते. परंतु जर्मनीचें खरें औदार्य शिष्यवृत्तीपेक्षां शुल्कमाफींत आहे.

दुसरा प्रकार वेतनाचा, आणि त्याचें मुख्य ठिकाण अमेरिका. तेथील संख्याशास्त्र विभाग डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला बहुधा शिक्षणशुल्क माफ करतात व शिकविण्याच्या किंवा संशोधनाच्या साहाय्याबद्दल वेतन देतात. याच्या उलट एम. एस. या दोन वर्षांच्या पदवीचा विद्यार्थी बहुशः स्वतःच्या खर्चानें शिकतो. पुष्कळ घरांत याच ठिकाणीं हिशेब चुकतो. ज्याला संशोधनाची खरी ओढ आहे, त्यानें पदवीनंतर सरळ डॉक्टरेटसाठीं अर्ज केला तर त्याचा खर्च विद्यापीठ सोसूं शकतें. आणि केवळ स्वस्त म्हणून धरलेला लहान मार्गच शेवटीं महाग पडतो. मात्र ओढ नसतांना केवळ वेतनासाठीं पांच-सहा वर्षांचें संशोधन अंगावर घेणें हेंहि शहाणपणाचें नव्हे.

आपल्या सरकारांचें साहाय्यहि विसरतां कामा नये. अनुसूचित जाति, भटक्या व विमुक्त जमाति, भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठीं केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति 1954-55 पासून चालत आली असून अलीकडच्या वर्षांत तिच्यांत 125 जागा ठेवण्यांत आल्या. महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची योजना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं आहे, व इतर समाजघटकांसाठींहि राज्याच्या निरनिराळ्या योजना आहेत. या सर्वांत उत्पन्नाची मर्यादा, वयाची मर्यादा आणि विद्यापीठाचें जागतिक क्रमवारींतील स्थान या अटी असतात, व त्या वेळोवेळीं बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची मूळ जाहिरातच वाचावी.

शिष्यवृत्तीची मुदत ही किती निर्णायक गोष्ट असते, याचें उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांतच आहे. 1913 सालीं सयाजीराव गायकवाड महाराजांनीं दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथून लंडनला जाऊन त्यांनीं अभ्यास आरंभिला. पण मुदत संपतांच 1917 सालीं तो अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. मुंबईच्या सिडेनहॅम महाविद्यालयांत प्राध्यापकी करून, पैसा सांठवून व स्नेह्यांकडून कर्ज घेऊन ते 1920 सालीं पुन्हां लंडनला गेले, तेव्हां कोठें 1923 सालीं त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. रक्कम किती, याच्याइतकाच ती किती महिने मिळणार आणि तिच्या बदल्यांत किती वर्षांची सेवा बांधून घेतली आहे, हा प्रश्न आजहि प्रथम विचारला पाहिजे.

तिसरा प्रकार कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. जमशेटजी टाटा यांनीं 1892 सालीं मुंबईंत स्थापन केलेला निधि हा या प्रकाराचा आद्य नमुना. के. सी. महिंद्र ट्रस्ट व नरोत्तम सेखसरिया प्रतिष्ठान याहि मुंबईच्याच संस्था असून त्या बिनव्याजी कर्ज देतात. बँकेच्या कर्जापेक्षां हें कर्ज सौम्य असतें यांत शंका नाहीं. परंतु तें फेडावयाचें असतें, आणि एकंदर खर्चाचा एक भागच त्यानें भागतो.

आतां या सर्वांत यश येण्याचा संभव किती? येथें संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यानें आपलें शास्त्र आपल्यावरच चालवून पाहावें. समजा, एका शिष्यवृत्तीसाठीं वीस अर्जांमागें एकास यश येतें. मग पांच ठिकाणीं अर्ज केले असतां निदान एक मिळण्याचा संभव शेंकडा 25 नव्हे, तर सुमारें 23 आहे. दहा ठिकाणीं केले तर सुमारें 40. पण हें गणित अर्ज परस्परांपासून स्वतंत्र मानून केलेलें आहे. वास्तविक तीच गुणपत्रिका, तेंच निवेदन आणि त्याच प्राध्यापकांचीं शिफारसपत्रें सर्वत्र जातात. एके ठिकाणीं जें उणें ठरतें तें दुसरीकडेहि उणें ठरूं शकतें. म्हणून अर्जांची संख्या वाढविण्यापेक्षां अर्जाचा कस वाढविणें अधिक फलदायी असतें. दुसरें असें कीं, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात तीं यशस्वी झालेल्यांचीं. नाकारल्या गेलेल्यांचीं कधींच येत नाहींत. केवळ छायाचित्रें पाहून बांधलेला अंदाज हा एकांगी नमुन्यावर बांधलेला अंदाज होय.

अर्जाचा कस वाढवावयाचा तो असा. संभाव्यता, रेखीय बीजगणित आणि वास्तव विश्लेषण हे विषय पक्के असावेत. आर किंवा पायथन या संगणकभाषांत स्वतः केलेलें एखादें छोटें पण पुरें काम दाखवितां यावें; मग तें तालुक्याच्या पावसाच्या नोंदींवर असो वा रुग्णालयांतील आंकड्यांवर. शिफारसपत्र देणारे प्राध्यापक मोठ्या हुद्द्याचे असण्यापेक्षां विद्यार्थ्याचें काम जवळून पाहिलेले असावेत. तीन वर्षांची भारतीय पदवी इंग्लंडांत बहुधा चालते; अमेरिकेंत व युरोपांत अनेक ठिकाणीं चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा असते, तेव्हां याची चौकशी आधींच करावी. आणि "डेटा सायन्स" या आकर्षक नांवावर भुलूं नये. अभ्यासक्रम संख्याशास्त्र विभागाचा आहे कीं व्यापारी शिक्षणसंस्थेचा, आणि त्यांत अनुमानशास्त्र खरोखर शिकवितात कीं तयार यंत्रें वापरावयास शिकवितात, हें विषयांची यादी वाचून ताडावें.

शेवटची गोष्ट वेळेची. पुढील वर्षाच्या सप्टेंबरांत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठीं बहुतेक मोठ्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज आदल्या वर्षाच्या ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत घेतले जातात. पदवीचा निकाल हातीं आल्यावर जें घर विचारास लागतें, त्याला तें वर्ष गेलेलेंच असतें. म्हणून ही चर्चा अंतिम वर्षाच्या आरंभींच व्हावी, आणि त्या वेळीं एका कागदावर तीन रकाने आंखावेत: दान किती, वेतन किती, कर्ज किती. तिसरा रकाना जेवढा भरेल तेवढाच भार घरावर येणार आहे. तो पेलणार नसेल तर एक-दोन वर्षें येथेंच नोकरी करून, अनुभव घेऊन, पुन्हां अर्ज करणें यांत कमीपणा कांहींच नाहीं. चीव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला तर तो अनुभवच लागतो.