महार रेजिमेंटचे बोधचिन्ह

महार रेजिमेंट ही भारतीय सेनेतील पायदळाची एक रेजिमेंट असून 'यश सिद्धी' हे तिचे ब्रीदवाक्य आहे. तिच्या बोधचिन्हात एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि त्यांच्यासमवेत खंजीर आहे. खंजिराच्या जागी पूर्वी कोरेगावचा विजयस्तंभ होता.

स्तंभ

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथे ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सैन्य यांच्यात लढाई झाली. कंपनीच्या तुकडीत महार शिपायांचा मोठा भरणा होता. कंपनीने तेथे उभारलेल्या स्तंभावर मृत सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील 'नाक' हे पद जोडलेली नावे महार शिपायांची होत. एवढे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या धोरणापायी या समाजाला सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्धानंतर तीही मोडण्यात आली.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभाला भेट दिली आणि पुढे भरती पुन्हा सुरू व्हावी, असा आग्रह सातत्याने धरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या टोपीवरील बिल्ल्यावर स्तंभ आणि 'महार' हा शब्द होता. ज्यांचे लढवय्येपणच नाकारले गेले होते, त्यांच्या दृष्टीने तो शोभेचा आकार नसून दगडात कोरलेला पुरावा होता.

मशीनगन

१९४६ साली ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. तिपाईवर बसणारी ही जड बंदूक पाण्याने थंड ठेवावी लागे आणि तिला पट्ट्यातून काडतुसे पुरवावी लागत. त्यामुळे ती एकट्यादुकट्याचे नव्हे, तर जुळलेल्या पथकाचे शस्त्र होती. १९६० च्या दशकात रेजिमेंटचे रूपांतर नेहमीच्या पायदळात झाले, तरी बोधचिन्हातील मशीनगन कायम राहिल्या.

खंजीर

पुढे बोधचिन्हातून स्तंभ वगळण्यात आला व त्या जागी खंजीर आला. खंजीर हे सामान्यतः समोरासमोरच्या झुंजीचे प्रतीक मानले जाते. रेजिमेंटचे नाव जुनेच असले, तरी आता तिच्यात देशाच्या विविध प्रदेशांतील आणि समाजांतील जवान आहेत. मूळ स्तंभ कोरेगाव येथे उभा असून दरवर्षी १ जानेवारीला तेथे अभिवादनासाठी मोठा जनसमुदाय जमतो.