काचबिंदूचे थेंब : डोळ्यात किती, गालावर किती?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की रुग्णाला पुन्हा स्वच्छ दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. या विकारात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मज्जा हळूहळू निकामी होते आणि एकदा गेलेली दृष्टी परत मिळत नाही. डोळ्यातील दाब कमी ठेवून उरलेली दृष्टी टिकवणे, एवढेच थेंबांचे काम. थेंब घातल्याने अधिक चांगले दिसत नाही, चुकल्याने त्या दिवशी दुखतही नाही. साहजिकच अनेकांचा उत्साह दोन-तीन महिन्यांत ओसरतो.

त्यात थेंब घालण्याची रीतही पुष्कळदा चुकते. डोळ्यात एका थेंबाहून अधिक औषध मावत नाही. दुसरा थेंब गालावर ओघळतो आणि बाटली महिन्याआधीच संपते. महागडे औषध असे वाया जाणे परवडणारे नव्हे.

प्रथम हात धुवावेत. मान मागे करून किंवा उताणे पडून खालची पापणी बोटाने हलकेच ओढावी आणि तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला लागता कामा नये. त्यातून जंतुसंसर्ग होतो. हात थरथरत असल्यास मनगट कपाळावर टेकवावे.

यापुढची पायरी बहुतेकांना ठाऊकच नसते. थेंब पडल्यावर उघडझाप न करता डोळा मिटावा आणि नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. तेथून एक बारीक नलिका नाकात उतरते. घशात कडू चव येते, ती याच वाटेने. अशा रीतीने औषध रक्तातही मिसळते. टिमोलॉलसारख्या औषधाने नाडी मंदावू शकते, दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते. त्यामुळे दमा किंवा हृदयविकार असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

दोन निरनिराळी औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन नेते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. साधारण चार आठवड्यांनी उरलेले औषध टाकून द्यावे, मग कितीही जीवावर येवो. लॅटानोप्रॉस्टच्या काही बाटल्या उघडेपर्यंत शीतकपाटात ठेवाव्या लागतात. वेष्टनावरील सूचना वाचावी. या गटातील औषधांनी डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात. त्रास झाल्यास औषध बदलून मिळते, परस्पर बंद करू नये.

एखादी वेळ चुकली तर आठवताच थेंब घालावा. पण पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही एकदम घालू नयेत. किती वेळा चुकले, हे तपासणीच्या वेळी मोकळेपणाने सांगावे. तपासणीआधी चार दिवस नेमाने थेंब घातले की दाब आटोक्यात दिसतो आणि डॉक्टरांची दिशाभूल होते. उलट थेंब गालावरच जात असतील तर औषध लागू पडत नाही असे समजून दुसरे औषध, प्रसंगी शस्त्रक्रियाही सुचवली जाते. म्हणून पुढच्या भेटीत बाटली सोबत न्यावी आणि डॉक्टरांसमोर एकदा थेंब घालून दाखवावा.