स्वार्थी माणसाचं सोंग कसं वठवायचं?

कडेगावातून आजचा एपिसोड रोलप्लेवर. आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगवलं, त्यामुळे सोंग घेणं आपल्याला नवीन नाही. पण गेममध्ये स्वार्थी पात्र घ्यायचं म्हटलं की बरेच जण थेट राक्षस होतात. दिसेल त्याला मारा, दिसेल ते चोरा. हा स्वार्थ नाही, नुसता धुडगूस आहे. स्वार्थी माणूस आधी हिशोब करतो.

उदाहरण 'बाल्डर्स गेट'चं घेऊ. मूळ गेम १९९८ चा, आता फोनवरही मिळतो. त्यात रेप्युटेशन नावाचा एक आकडा असतो, १ ते २०. तो घसरला की दुकानदार भाव वाढवतात, फारच घसरला की शिपाई मागे लागतात. उलट फार वर गेला तर टोळीतले दुष्ट साथीदार कुरकुर करतात आणि शेवटी सोडून जातात. म्हणजे दोन्हीकडचे लोक हाताशी हवे असतील तर मधेच राहणं परवडतं. देवळात दान दिलं की आकडा वाढतो. मग आपलं स्वार्थी पात्र दानही करेल, पण पुण्यासाठी नाही, तलवार स्वस्त पडावी म्हणून!

आता खरी अडचण बघा. वाटेत व्हिकोनिया भेटते. ड्राऊ वंशाची, म्हणून लोक तिच्याकडे आधीच संशयाने बघतात. मागे फ्लेमिंग फिस्टचा शिपाई. तो तिला खुनी म्हणतो, पुरावा मात्र दाखवत नाही. वाचवली तर तगडी क्लेरिक मिळते, पण टोळीत घेतल्यावर रेप्युटेशन दोनने घटतं. तिला मरू दिलं तर काही बिघडत नाही. इथे गेमचा आकडा आणि माणुसकी वेगवेगळं बोलतात. आकड्याला फक्त लोक काय म्हणतील एवढंच कळतं.

म्हणून गेम सुरू करण्याआधी पात्राबद्दल तीन गोष्टी ठरवा. त्याला काय हवंय? त्यासाठी ते किती किंमत मोजेल? आणि कितीही पैसे दिले तरी काय करणार नाही? तिसरं उत्तर नसेल तर ते पात्र ग्रे नाही, सरळ काळंच आहे. आणि एकदा निर्णय घेतला की जुनी सेव्ह लोड करू नका. परिणाम भोगले तरच सोंग वठतं.

तर मंडळी, तुमचं पात्र व्हिकोनियाला वाचवेल का? आणि कशासाठी? नक्की कळवा.