मिर्झाराजा घरी पोचलाच नाही

पुरंदरचा तह मराठी घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. जून १६६५, तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. तो तह घडवून आणणाऱ्या मिर्झाराजा जयसिंगाचं पुढं काय झालं, हे मात्र धडा संपेपर्यंत कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर बुऱ्हाणपूरजवळ बोहरडा गावाच्या शिवारात, तापी आणि मोहना मिळतात तिथं, दगडात उभं आहे.

रावेरकडून केळीच्या बागांमधून येणाऱ्या कुटुंबांचा बुऱ्हाणपुरातला दिवस बहुधा ठरलेला असतो. शाही किल्ला, हमामखाना, कुंडी भंडारा, मग मावा जिलेबी. मिर्झाराजाच्या छत्रीकडे, म्हणजे त्याच्या स्मारकाकडे, गाडी वळतेच असं नाही. ती वळवावी.

पुरंदरनंतर जयसिंग विजापुरावर चालून गेला आणि हात हलवत परतला. त्यातच ऑगस्ट १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. त्यांच्या सुरक्षिततेची हमी जयसिंगाच्या मुलानं, रामसिंगानं घेतली होती. औरंगजेबाचा संशय बापलेकांवर बसला. आयुष्यभर मोगलांसाठी तलवार चालवलेल्या या सेनापतीकडून दख्खनचा कारभार काढून घेतला गेला आणि त्याला परत बोलावण्यात आलं. आंबेरची वाट धरलेला जयसिंग बुऱ्हाणपूरच्या पुढं गेला नाही. २८ ऑगस्ट १६६७ रोजी त्यानं इथं देह ठेवला. विषप्रयोगाची कुजबुज तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

छत्री दगडी चौथऱ्यावर आहे, चारी बाजूंनी मोकळी. गाडीतून उतरलेली मुलं पहिल्यांदा खांब मोजायला धावतात. एकाचे एकतीस भरतात, दुसऱ्याचे तेहतीस, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होते. खांब बत्तीस आहेत. त्यांच्यामधून नदी दिसते, आणि वारा आला की तो आरपार जातो. पुरंदरच्या पायथ्याशी ज्याच्या तोफा धडधडल्या, ज्यानं मुरारबाजी देशपांड्यांसारखा वीर पडेपर्यंत वेढा हलू दिला नाही, त्याच्या स्मारकाशी आपली मुलं खेळतात, हे पाहताना मोठ्या माणसांचा आवाज नकळत खाली येतो. शत्रू खराच, पण सच्चा सेनापती होता, हे मान्य करायला मराठी मन कचरत नाही.

बुऱ्हाणपूर हा मोगलांचा दख्खनमधला तळ. त्यामुळं मोहिमेवर आलेल्यांचा शेवट या गावाला नवा नव्हता. उतावळी नदीच्या काठी शाहनवाजखानाचा मकबरा आहे. काळ्या दगडामुळं लोक त्याला काळा ताजमहाल म्हणतात. शाहनवाजखान म्हणजे अब्दुल रहीम खानखानाचा थोरला मुलगा. १६१६ मध्ये त्यानं मलिक अंबरचा पराभव केला आणि तीनच वर्षांनी, ऐन तारुण्यात, दारूपायी मेला. दोहे रचणाऱ्या बापाला हे पाहावं लागलं. मुमताजमहलही १६३१ मध्ये याच गावात बाळंतपणात वारली. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेवर होता. तिचा देह आधी तापीपलीकडे जैनाबादेत ठेवला होता. तो पुढं आग्र्याला गेला. बाकीचे इथंच राहिले.

शहरापासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड. मोगलांच्या हाती तो १६०१ मध्ये आला. १८१९ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांचा पाठलाग करणाऱ्या इंग्रजांनी त्याला वेढा घातला. किल्लेदार यशवंतराव लाड शिंद्यांचा माणूस. आधी खालची पेठ पडली, मग एप्रिलमध्ये गड. पुढं इंग्रजी शिबंदी वर राहिली. तिच्या पडक्या बराकी आणि गोऱ्या सैनिकांची थडगी आजही गडावर आहेत. उन्हापावसानं झिजलेल्या त्या दगडांवरचं पुसट इंग्रजी वाचायला मुलांना बसवावं. आपला देश सोडून सातपुड्याच्या या टोकावर मरण आलेल्या माणसाचं ते ओळखपत्र आहे.

पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. सारख्या उंचीचे दगड, कापलेलं गवत, ज्यांची ओळख पटली त्यांची नावं कोरलेली. बुऱ्हाणपुरात तसं काही नाही. राजाला छत्री मिळाली, खानाला मकबरा. त्यांच्यामागं चाललेले राजपूत घोडेस्वार, पठाण, बैल हाकणारे बंजारे, वेढ्यात पडलेले शिंद्यांचे शिपाई यांच्या नावाचा एक दगडही नाही. बोहरड्याला एक साधा मराठी-हिंदी फलक लागला, त्यात पुरंदरपासून तापीपर्यंतची ही हकिगत आली आणि मागं चालणाऱ्यांचा उल्लेख झाला, तर येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या मुलाला इतिहासाचा अर्धा राहिलेला धडा पुरा करता येईल.

असीरगडावर एक महादेवाचं देऊळही आहे. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा पहाटे तिथं येऊन पूजा करून जातो, असं खालच्या गावातले लोक सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं दार उघडायच्या आधीच पिंडीवर ताजं फूल असतं.