पेटीत न सापडणारा गंधार

आमच्या सांगलीच्या घरी ग्रामोफोन वर्षातून मोजक्या दिवशी निघायचा, आणि त्यातला ठरलेला दिवस म्हणजे दिवाळीचा पाडवा. ओवाळणी, फराळ उरकला की आजोबा तो कपाटावरून खाली घेत, पंचाने धूळ पुसत, किल्ली देत. तोवर शेजारची चार-पाच मंडळी येऊन सतरंजीवर बसलेली असत. पहिली तबकडी कायम अब्दुल करीम खाँसाहेबांची, भैरवीतली ‘जमुना के तीर’. गाणं रंगात आलं की एका जागी आजोबा बोट वर करीत आणि आम्हा पोरांकडे बघून म्हणत, “ऐकलात? हा गंधार पेटीत सापडायचा नाही. देवलांना विचारा!”

घरात पेटी, म्हणजे हार्मोनियम, होती. दुसऱ्या दिवशी मी एकेक पट्टी दाबून तो कोमल गंधार शोधला. जवळपास सापडे, पण नेमका नाही. देवल कोण, हे मात्र आजोबांना विचारायचं राहून गेलं. ते गेल्यावर ग्रामोफोनबरोबर हा प्रश्नही माझ्याकडे आला आणि गेली वीसेक वर्षं तो माझ्या मागे आहे.

खाँसाहेबांची ओळख इथल्या वाचकाला करून द्यायला नको. १८७२ साली कैराण्यात जन्मलेला हा गवई मिरजेचा झाला आणि ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात कायमचा विसावला. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम ही शिष्यशाखा, हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे ही मुलं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. मला सांगायचं आहे ते त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, पण उजेडाबाहेर राहिलेल्या एका माणसाबद्दल.

ते म्हणजे कृष्णाजी बल्लाळ देवल. सांगलीचे, सरकारी नोकरीतले निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० साली त्यांनी हिंदू स्वरसप्तक आणि त्यातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरं, या विषयावर इंग्रजीत एक पुस्तक काढलं. ते हाती आलं तेव्हा मी आधी पानं नुसतीच चाळली. सगळीकडे आकडे आणि गुणोत्तरं. मग वाटलं, हा महसूल खात्यातला माणूस! जमीन मोजावी तसे त्याने सूर मोजायला घेतले.

पद्धत साधी आहे, कुणालाही घरी करून बघता येईल. तार ताणायची. समजा ती ९० सेंटिमीटरची आहे आणि मोकळी छेडली की षड्ज वाजतो. बरोबर निम्म्यावर, ४५ सेंटिमीटरवर, तार षड्ज. ६० वर पंचम. कोमल गंधाराचं नैसर्गिक गुणोत्तर सहास पाच, म्हणजे तो ७५ सेंटिमीटरवर येतो. आता हार्मोनियमचा हिशेब बघा. विलायती पद्धतीने लावलेल्या पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्या मापाने हाच स्वर ७५.७ सेंटिमीटरच्या आसपास पडतो. फरक जवळपास सात मिलिमीटर! शुद्ध गंधार ७२ वर हवा, तर पेटी तो साडेएकाहत्तरच्याही आत ढकलते. म्हणजे एक जास्त उतरतो, दुसरा जास्त चढतो. आजोबांचं बोट वर जात होतं ते या सात मिलिमीटरसाठी. हे मला कळलं त्या दिवशी मी ती तबकडी पुन्हा लावली आणि एकटाच बराच वेळ ऐकत बसलो.

मापं कागदावर होती, पण ती कुणाच्या तरी गळ्यावर ताडून बघायला हवी होती. सांगलीहून मिरज दोन-अडीच कोसांवर, आणि मिरजेशी खाँसाहेबांचं नातं जुळलेलं. तंबोऱ्याच्या तारा लावण्यात तासन्‌तास घालवणाऱ्या या गवयाला देवलांचं काम आपलं वाटलं असेल तर नवल नाही. तिसरा गडी साहेब होता. अर्नेस्ट क्लेमेंट्स, मुंबई इलाख्यातला सनदी नोकर. १९१३ साली हिंदुस्थानी संगीतावर त्याचंही पुस्तक आलं. देवल आणि क्लेमेंट्स यांनी मिळून श्रुती-हार्मोनियम आखली आणि लंडनच्या मूर यांच्याकडून बनवून घेतली. नेहमीच्या बारा स्वरांच्या मधल्या फटींत जादा सूर बसवलेली ही पेटी. निवृत्त डेप्युटी कलेक्टर, इंग्रज अंमलदार आणि उस्ताद, असं हे त्रिकूट. जातीपातीच्या आणि हुद्द्यांच्या त्या काळात एका सुरासाठी ही माणसं एकत्र बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वादळ उठलं ते बडोद्यात. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागची मुख्य प्रेरणा विष्णु नारायण भातखंडे यांची. देवल आणि क्लेमेंट्स आपला सिद्धांत आणि आपली पेटी घेऊन गेले; श्रुतींच्या बाजूने खाँसाहेबही उभे राहिले. भातखंडे मुळात वकील. त्यांचा आक्षेप रोखठोक होता. बावीस श्रुतींची ही ठाम मापं जुन्या ग्रंथांतून निघत नाहीत, आजच्या गाण्यातही गवई त्यांना बांधलेला नाही. शास्त्र उभारायचं तर बारा स्वरांवरच उभारावं लागेल. परिषदेत श्रुती-हार्मोनियमला मान्यता मिळाली नाही. पुढे संगीतशिक्षण भातखंड्यांच्या वाटेने गेलं आणि देवलांचं नाव तळटीपांत जाऊन बसलं.

यात बरोबर कोण होतं? माझं मत स्पष्ट आहे. मापाच्या बाबतीत भातखंडे बरोबर ठरले. १९६३ साली जैराजभाय आणि स्टोन या अभ्यासकांनी त्या काळच्या कलावंतांचे सूर यंत्राने मोजले, तेव्हा एकच गंधार कलावंतागणिक बराच हलतो, असं दिसलं. गळ्यातला सूर खुंटीला बांधलेला नसतो. पण देवलांच्या कानाने जे पकडलं होतं, तेही खोटं ठरलं नाही. पेटीच्या समान भागांत आपला सूर बसत नाही, हे त्यांनी आकड्यांत मांडून दाखवलं होतं. पुढे १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. तिच्यामागे कारणं अनेक होती, पण ‘ही पेटी आपल्या सुरांना न्याय देत नाही’ ही तक्रार त्यात होतीच. देवलांना हरलेला म्हणून विसरणं हा आपला कृतघ्नपणा आहे. सांगलीला नाट्यपंढरी म्हणवून घेताना या माणसाची आठवण कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मूळ तबकडीकडे येतो. श्रुती-पेटी मागे पडली, खाँसाहेबांच्या तबकड्या राहिल्या. लाखेच्या, दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या माणसाने त्या तीन मिनिटांत सगळं ओतलं. झिंझोटीतली त्यांची ठुमरी ऐकून लहानग्या भीमसेनला गाण्याचं वेड लागलं आणि तो घर सोडून गुरू शोधत निघाला, ही गोष्ट भीमसेनजी स्वतः सांगत. एका तबकडीने एक गवई घडवला, तो रस्त्यात उभं राहून ऐकलेल्या गाण्यातून. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल स्थानकात खाँसाहेबांनी देह ठेवला. शिकवणारा गेला, तरी त्या तबकड्या शिकवत राहिल्या.

आमच्या या मुलखात गाणं जपण्याची रीत एकत्र बसून ऐकण्याची आहे. १९४९ ते १९६० या काळात आजच्या सांगली जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं. सांगली-साताऱ्याचे कान तर आधीपासून एकच. मिरजेच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात गवई हजेरी लावतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधात अंतूबुवा जोशींनी १९४० साली गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला, त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो वाढवला आणि तो आजही भरतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर अजून यंत्र बाजूला ठेवून कानाने सूर बघतो. मी एकदा त्याच्यासमोर बसलो होतो. घोडीवर दोरा सरकवत सरकवत तो थांबला आणि म्हणाला, “आता बोलली बघा.” २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदाइतकंच, किंवा त्याहून जास्त, मला त्या “बोलली बघा”चं मोल वाटतं. देवल तारेवर जे मोजत होते, ते हा माणूस दोऱ्याने शोधतो.

आजोबांच्या तबकडीच्या कडेचा टवका उडाला आहे. सुरुवातीचे काही फेरे खरखर होते, मग आवाज येतो. ती खरखरही आता मला गाण्याचा भाग वाटते, कारण तिच्यामागोमाग आजोबांचं बोट वर जायचं. नुसती तबकडी दुकानात मिळाली असती. ‘इथे ऐक’ असं सांगणारं बोट मिळालं नसतं. सतरंजीवर बसलेल्या त्या माणसांतलं आज कुणी नाही. कोण कुठे बसे, कुठल्या जागेला कोण मान डोलावे, हे फक्त माझ्या आठवणीत आहे, म्हणून मी आता ते वहीत लिहायला घेतलं आहे.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, कपाटामागे जुन्या तबकड्या असतील तर त्या भंगारात देऊ नका. उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. लाख ठिसूळ असते. जाणकाराकडून त्यांचं ध्वनिमुद्रण करून घ्या. आणि या पाडव्याला त्यातली एक तरी, घरातल्या सगळ्यात लहान मुलाला शेजारी बसवून, लावा. आवडती जागा आली की बोट वर करा.